नांगरटीचे डिझेल टायरखाली जाते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाळप हंगाम संपत आला की कृष्णाकाठी उन्हाळी नांगरटीची घाई उडते आणि पारावर एकच विषय निघतो: ट्रॅक्टर फार खातो. कुणी कंपनी बदलायचे म्हणतो, कुणी ४५ हॉर्सपॉवरवरून ५५ वर जायचे म्हणतो. सगळा राग इंजिनावर निघतो. अवजारांच्या दुरुस्तीत असल्यामुळे आम्हाला यात एक गोष्ट मांडायची आहे. ऊस वाहतुकीवरून उतरलेला ट्रॅक्टर टायरच्या त्याच हवेवर, त्याच गुळगुळीत नक्षीवर आणि मागे काही वजन न लावता थेट नांगराला जुंपला जातो. नांगरही गेल्या वर्षी शेडमध्ये टाकला तसाच बाहेर निघतो. एकरी दोन-तीन लिटर डिझेल इथेच जाते.

आधी हिशेब, कारण तो मांडल्याशिवाय पुढचे पटत नाही.

माती कापायला आणि उलटायला लागणारी ओढ चौरस सेंटिमीटरमागे मोजतात. माण, खटाव, जत, आटपाडीच्या हलक्या मुरमाड रानात ती साधारण ०.३ ते ०.३५ किलो असते. वाळवा, पलूस, मिरज, कराडच्या नदीकाठच्या भारी काळ्या रानात ०.७ धरावी, रान वाळून कडक झाले तर त्याहून जास्त. १२ इंची फाळांचा दोन फाळी नांगर ६० सेंटिमीटर रुंदी घेतो. ८ इंच, म्हणजे २० सेंटिमीटर खोल लावला तर १२०० चौरस सेंटिमीटर माती एका वेळी कापली जाते. भारी रानात ही ओढ ८४० किलो होते. एकरात असे तास, म्हणजे नांगराने पाडलेल्या चरी, सगळे मिळून पावणेसात किलोमीटर लांबीचे भरतात. तेवढे अंतर ८४० किलो ओढायला हुकवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडतात तिथे, साडेपंधरा युनिटच्या आसपास ऊर्जा लागते. युनिट म्हणजे वीजबिलावर असते तेच.

एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. चांगल्या स्थितीतले इंजिन त्यातली ३ युनिट फ्लायव्हीलवर देते, बाकीची उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे जाते. गिअरबॉक्स, डिफरन्शियलमधून चाकापर्यंत २.६ पोचतात. चाकापासून नांगरापर्यंत, सगळे जमून आले तर, पावणेदोन. साडेपंधराला पावणेदोनने भागा: एकरी पावणेनऊ लिटर. रानाच्या टोकांवरची वळणे धरून साडेनऊ. जतच्या हलक्या रानात हाच नांगर याच्या निम्म्यात निघतो. म्हणून तिकडच्या पाहुण्याने सांगितलेला ‘एकरी पाच लिटर’चा आकडा पलूसच्या ट्रॅक्टरला लावून त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

इंजिनातल्या सात युनिटच्या नाशावर शेतकऱ्याचा इलाज चालत नाही. हवेचा फिल्टर साफ ठेवणे, तेलातून हवा गाळणारा ऑइल बाथ फिल्टर असेल तर तेल खुणेपर्यंत असणे आणि नोझल वेळेवर तपासणे, एवढेच हातात. टायर आणि फाळ इथली गळती मात्र पूर्ण आपल्या हातात असते, आणि नेमकी तीच कुणी मोजत नाही.

टायर घसरतो हे सगळ्यांना माहीत आहे, किती घसरतो ते थोड्यांना. मोजायला चुना आणि टेप पुरे. मागच्या टायरच्या बगलेवर चुन्याची एक ठळक रेघ मारा. नांगरायच्याच रानात, नांगर उचलून, ट्रॅक्टर सरळ चालवा. रेघ जमिनीला लागली तिथे खुंटी ठोका, चाकाचे दहा फेरे मोजा, दुसरी खुंटी ठोका. १३.६-२८ मापाच्या टायरला हे अंतर ४० मीटरच्या आसपास येते. आता नांगर पूर्ण खोलीवर टाकून, त्याच गिअरमध्ये, पुन्हा दहा फेरे. अंतर ३५ मीटर आले तर घसरण साडेबारा टक्के, ठीक आहे. ३४ आले तर पंधरा टक्के, ही वरची हद्द समजा. २८ मीटर आले तर तीस टक्के, आणि हा प्रकार ऊस वाहतुकीच्या टायरवर सर्रास दिसेल. बारा टक्क्यांवर पावणेनऊ लिटर लागणाऱ्या एकराला तीस टक्क्यांवर अकरा लिटर लागतात, कारण तेवढ्याच अंतरासाठी चाक पाव हिश्श्याने जास्त फिरते. सव्वादोन लिटर डिझेल आणि टायरची नक्षी दोन्ही मातीत जातात. शिवाय घासलेल्या मातीचा तासाच्या तळाला गुळगुळीत थर बसतो, पाणी त्यातून खाली उतरत नाही.

टेप नसेल तर टायरचा ठसा बघा. नक्षीचा ठसा जसाच्या तसा, साच्यातून काढल्यासारखा उमटला तर ट्रॅक्टरवर गरजेपेक्षा जास्त वजन आहे. ठसा पार पुसून नुसता घासलेला पट्टा राहिला तर वजन कमी आहे. ठशाच्या कडा दिसाव्यात आणि मधली माती थोडी तुटलेली असावी, तेव्हा जमले समजा.

घसरण जास्त निघाली तर आधी हवा बघा. वाहतुकीसाठी मागच्या टायरमध्ये २० पौंड किंवा वर हवा भरलेली असते. नांगरटीला १२ ते १४ पौंड पुरे. हवा कमी झाली की टायरची नक्षी जास्त लांबीवर टेकते. फक्त पुन्हा ट्रॉली जोडायच्या आधी हवा भरायला विसरू नये, नाहीतर कमी हवेवर भरलेल्या उसाने टायरची बगल फाटते. हवेनंतर वजन. मागच्या चाकांना बिडाची वजने लावता येतात, किंवा टायरमध्ये पाणी भरता येते. चाक जॅकवर घ्या, व्हॉल्व्ह सगळ्यात वर येईल असे फिरवा, व्हॉल्व्हची पिन काढा, पाणी भरा. व्हॉल्व्हच्या पातळीला पाणी आले की टायर तीन चतुर्थांश भरलेला असतो. त्यावर भरू नये, टायरला दबायला हवा लागते. मागे वजन वाढले की पुढच्या बंपरवरची वजनेही बघावी लागतात. नांगर उचलल्यावर पुढची चाके उडत असतील तर स्टेअरिंग हातात राहत नाही.

आणि हेच वजन नांगरटीनंतर काढायचे असते. रोटाव्हेटर, फवारणी किंवा डांबरी रस्त्यावरच्या कामाला ते दोन-अडीचशे किलो फुकटचे ओझे आहे, डिझेल खाते आणि रान दाबते. काढायचा कंटाळा येतो, हे खरे.

नक्षी झिजलेल्या टायरला मात्र वजनाचा इलाज अर्धाच लागू पडतो. नोव्हेंबर ते मार्च डबल ट्रॉली ओढून डांबरावर घासलेला टायर एप्रिलमध्ये काळ्या रानात पकड धरत नाही. ज्यांच्याकडे दोन ट्रॅक्टर आहेत त्यांनी चांगल्या नक्षीचे टायर नांगरटीच्या ट्रॅक्टरला ठेवावेत. एकच असेल तर हंगाम संपल्यावर नक्षीची उंची मोजून ठरवावे.

आता नांगर. पलूस तालुक्यातच किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या माळावर तिथे लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला. त्या काळी लोखंडाने जमीन विषारी होते असा लोकांचा समज होता म्हणतात. तो गेला. त्याच्या जागी दुसरा आला आहे: नांगर म्हणजे जड लोखंड, त्याला काय बघायचे, ताकद ट्रॅक्टरची. नांगर जमिनीत स्वतःच्या वजनाने जात नाही, फाळाच्या टोकाच्या झुकावाने जातो. नांगर उलटा करून फाळाच्या टोकापासून लँडसाइडच्या टाचेपर्यंत सरळ पट्टी धरा. लँडसाइड म्हणजे तासाच्या भिंतीला घासत चालणारी पट्टी. पट्टी आणि फाळ यांत मध्ये ३ ते ५ मिलिमीटर फट दिसली पाहिजे. तशीच बाजूने पट्टी लावली तर ५ मिलिमीटरच्या आसपास फट हवी. खालची फट नांगराला जमिनीत ओढते, बाजूची फट त्याला पूर्ण रुंदीवर धरून ठेवते.

टोक झिजून फट संपली की नांगर वर-वर पळतो. मग ड्रायव्हर काय करतो? टॉप लिंक, म्हणजे नांगराला वरून ट्रॅक्टरशी जोडणारा दांडा, आखडतो. नांगर नाकावर उभा राहतो, टाच हवेत जाते, मागचा फाळ पुढच्यापेक्षा उथळ चालतो, आणि टोक माती कापण्याऐवजी खणत जाते. काही ठिकाणी नांगरावर दगड नाहीतर मातीची पोती ठेवतात. दोन्हींत ओढ वाढते, खोली तेवढीच राहते. बार पॉइंटचा, म्हणजे टोकाला सरकता लोखंडी बार असलेला, नांगर असेल तर बोल्ट सैल करून बार पुढे सरकवायचा, एक टोक संपले की उलटून दुसरे वापरायचे. दहा मिनिटांचे काम. साधा फाळ असेल तर बदलायचा, किंवा लोहाराकडे ठोकून टोक पुढे काढायचे. फाळावर वेल्डिंगचे जाड मणी चढवून ‘मजबूत’ करणे हा तोट्याचा धंदा आहे: धार बोथट होते आणि जाड धार माती कापत नाही, ढकलते. फाळाच्या बोल्टची डोकी पत्र्याच्या सपाटीत बसली पाहिजेत, नाहीतर तिथे माती अडून गठ्ठा धरते.

काळ्या रानात आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची: मोल्डबोर्डचा, म्हणजे माती उलटणारा वळलेला, पत्रा आरशासारखा असला पाहिजे. गंजलेल्या पत्र्याला चिकण माती चिकटते आणि मग माती लोखंडावरून सरकत नाही, मातीवर माती घासत जाते. ओढ वाढते आणि तास नीट उलटत नाही. नांगरट संपल्या दिवशी पत्रा धुऊन जळके ऑइल किंवा ग्रीस फासून ठेवा. हंगामात गंज आलाच तर पॉलिश पेपरने काढा, किंवा आधी एखादे वाळूसर रान नांगरून घ्या. ते रान पत्रा घासून देते.

नांगर जोडताना सपाट जागा बघा. नांगरताना ट्रॅक्टरची एक बाजू तासात, म्हणजे २० सेंटिमीटर खाली असते. म्हणून न नांगरलेल्या बाजूची दोन्ही चाके २० सेंटिमीटर जाडीच्या लाकडी ठोकळ्यांवर चढवा, नांगर खाली सोडा, आणि मग टॉप लिंकने पुढे-मागे व लिफ्ट रॉडने आडवा समतल करा. पलटी नांगराला, म्हणजे उलटून दोन्ही बाजूंना माती टाकणाऱ्या नांगराला, दोन्ही बाजूंसाठी वेगळे स्क्रू असतात, दोन्ही लावावे लागतात. पलटी केल्यावर एका बाजूचे तास खोल आणि दुसऱ्या बाजूचे उथळ दिसले तर चूक इथेच आहे. स्टेअरिंग एका बाजूला धरून ठेवावे लागत असेल तर पहिला फाळ जास्त किंवा कमी रुंदी घेतो आहे. मागच्या चाकांचे अंतर नाहीतर नांगराचा क्रॉस शाफ्ट, म्हणजे तो ट्रॅक्टरला जोडायचा आडवा दांडा, बघावा. वाकडा ओढला जाणारा नांगर लँडसाइडवर घासत जातो आणि त्या घर्षणाचेही डिझेल लागते.

अवजार उचलणाऱ्या लिफ्टचे दोन लिव्हर असतात, पण बऱ्याच ट्रॅक्टरवर एकच वापरात दिसतो. पोझिशन कंट्रोल अवजार एकाच उंचीवर धरून ठेवतो, तो रोटाव्हेटर, पेरणी यंत्र यांच्यासाठी. नांगराला ड्राफ्ट कंट्रोल. कडक पट्टा आला की ड्राफ्ट कंट्रोल नांगर किंचित उचलतो, त्याचा भार मागच्या चाकांवर येतो आणि चाक पकड धरते. पोझिशनवर नांगर तिथेच अडून बसतो, चाक जागेवर फिरते, ड्रायव्हर घाबरून पूर्ण लिव्हर उचलतो आणि रानात वीस फुटांची न नांगरलेली पट्टी राहते.

वेगाचा मोह टाळावा. ताशी साडेचार किलोमीटरवरून सातवर गेलात तर भारी रानातही नांगराची ओढ पंधरा ते वीस टक्के वाढते, कारण माती उडवायला जास्त जोर लागतो. उलट कुळव, फणी अशा हलक्या कामाला वरचा गिअर टाकून इंजिन मिनिटाला पंधराशे-सोळाशे फेऱ्यांवर चालवा. दोन हजारांवर गुरगुरत नेण्याची गरज नाही. सायलेन्सरमधून काळा धूर आला की गिअर एक खाली.

रानाचा आकार तर कुणी मोजतच नाही. ५० मीटरचे तास संपायला ४० सेकंद लागतात आणि वळायला २०, म्हणजे तिसरा हिस्सा वेळ नांगर हवेत. तास १०० मीटर असेल तर पाचवा. म्हणून लांब बाजूनेच नांगरा. भाऊबंदकीत पडलेल्या दहा-दहा गुंठ्यांच्या पट्ट्यांत ट्रॅक्टर निम्मा दिवस वळतच असतो. त्यावर नांगरापाशी औषध नाही. शिराळा-पाटणच्या उतारावर मात्र लांबी बघू नका, उताराला आडवेच नांगरा.

खोली हा सर्वांत महाग भाग. वरच्या हिशेबात एक इंच खोली म्हणजे एकरी लिटरभर डिझेल. ‘फूटभर नांगर’ असे सांगताना हे ध्यानात असावे. रान भिजलेले असताना १० मिलिमीटरची सळई हाताने दाबून बघा. ती जिथे अडते तिथे दाबलेला थर आहे. त्याच्याखाली दोन इंच गेले की काम झाले. थर ८ इंचांवर असेल तर १० इंच, थर नसेल तर ६ इंचही चालतील. हा थर बसतो तोही बहुतेक भरलेल्या ट्रॉल्या ओल्या रानात घातल्याने. नांगरटीचे बिल तिथेच लिहिले जाते. थर १४-१५ इंचांवर असेल तर नांगर तिथे पोचवण्याचा हट्ट करू नये. तीन-चार वर्षांतून एकदा, रान खालपर्यंत कोरडे असताना, सव्वा ते दीड मीटर अंतरावर सबसॉयलर, म्हणजे खोलवरचा थर फोडणारा एकदाती फाळ, ओढावा. ओल्या रानात तो थर फुटत नाही, नुसती चीर पडते आणि मिटते.

वापसा, म्हणजे नांगरायला योग्य ओल, तपासायला नांगराच्या खोलीवरची मूठभर माती घ्या, गोळा करा, कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून विखुरला तर नांगर घाला. चपटा होऊन बसला तर थांबा. त्याच मातीची पेन्सिलीहून बारीक वळी होत असेल तर आणखी दोन-चार दिवस. आणि पार वाळून भेगा पडल्यावर गेलात तर ओढ दीडपट-दुप्पट होते आणि ट्रॅक्टर डुकराएवढी ढेकळे काढतो.

ती ढेकळे फोडायला लगेच रोटाव्हेटर लावण्याची घाई कशासाठी? उन्हाळी ढेकूळ ऊन खाते, रात्री गार होते, आणि वळवाच्या पहिल्या सरीने बसल्या जागी फुटते. काळ्या मातीचा हा गुण फुकट मिळतो. लागणीआधी रोटाव्हेटरची एक पाळी पुरे. रोटाव्हेटरची ताकद पीटीओतून, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यातून, जाते, टायर घसरत नाही, हे त्याच्या बाजूने बोलता येते, पण चार-पाच इंच माती पीठ करायला तो नांगरापेक्षा कमी डिझेल घेत नाही. दोन-तीन पाळ्यांनी झालेले पीठ पहिल्या पाण्याला सिमेंटसारखे बसते, आणि पात्यांच्या खाली नवा थर तयार होतो. पुढच्या वर्षी तो फोडायला पुन्हा नांगर.

भाड्याने नांगरट करून घेणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळावी. एकरावर भाडे ठरले की ड्रायव्हर उथळ आणि पळवत नांगरतो, घड्याळी तासावर ठरले की रमतगमत. दर खोलीसह ठरवा आणि खोली तासाच्या भिंतीवर मोजा: न नांगरलेल्या जमिनीच्या पृष्ठभागापासून तासाच्या तळापर्यंत, पाच ठिकाणी. नांगरलेल्या भुसभुशीत मातीत काठी खुपसून मोजू नये. माती फुगलेली असते, आठ इंचांचे अकरा दिसतात. डिझेल मोजायचे तर ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून टाकी गळ्यापर्यंत भरा, मोजलेले रान नांगरा, त्याच जागी आणून मापाने पुन्हा गळ्यापर्यंत भरा. पडलेले लिटर भागिले एकर. डॅशबोर्डचा काटा यात धरू नये.

शेवटी मागणी. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून पलटी नांगर आणि रोटाव्हेटरला अनुदान मिळते, अर्जात ट्रॅक्टरची हॉर्सपॉवरही लिहावी लागते. पण हुकवर किती ओढ मिळते हे विकत घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात, त्यात हुकवरची ताकद चाकाची घसरण १५ टक्क्यांच्या आत ठेवून मोजतात आणि डिझेलचा खपही नोंदवतात. विक्रेत्याने त्या अहवालातली हुकची ओढ आणि खपाचे आकडे मराठीत एका पानावर शोरूममध्ये लावावेत. राहुरी कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात सांगली आणि सातारा हे आपले दोन्ही जिल्हे येतात, इथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. एप्रिलमध्ये नव्या यंत्रांच्या प्रदर्शनाबरोबर एक दिवस गावातलेच दहा ट्रॅक्टर बोलवावेत, टायरवर चुन्याची रेघ मारावी, खुंट्या ठोकाव्यात, आणि प्रत्येकाचा आकडा फळ्यावर लिहावा. कारखान्यांनीही वाहतुकीचे ट्रॅक्टर सोडताना गाडीअड्ड्यावर हवा कमी करायचा पंप आणि गेज ठेवले तर खर्च नगण्य आहे.

आपले,
शेती अवजारांच्या दुरुस्तीचे काम करणारे,
ता. पलूस, जि. सांगली